प्रमिलाच्या पत्त्यांत राजा नव्हता

"मावशी, आत्या गेली..." एवढंच म्हणाली वैशाली फोनवर. वैशाली ही प्रमिलाच्या भावाची मुलगी. शेवटची काही वर्षं प्रमिला मनीषनगरला तिच्याच फ्लॅटमध्ये राहायची. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू जाऊन बर्नर विझला तरी मी तशीच उभी. शाळेपासूनची मैत्रीण, पंचावन्न वर्षं होऊन गेली... आठवड्यानं विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एकामागून एक माणसं उठून बोलली. प्रमिलाताई फार शांत होत्या, त्यांच्या मनात कुणाबद्दल कटुता नव्हती, झालं गेलं त्या विसरून गेल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. उठून बोलायला हवं होतं, पण मी बसूनच राहिले. घरी आल्यावर मात्र राग आला, अजून गेलेला नाही. प्रमिला शांत नव्हती. ती काहीही विसरली नव्हती. तिच्यावर असा गुळगुळीत हात फिरवू द्यायचा नाही, म्हणून हे लिहिते आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. सक्करदऱ्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही पाचवीला एका बाकावर आलो. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, तिचे मिलमध्ये. आमच्या वर्गात माचिसचे छाप जमवायचं वेड होतं. ज्या मुलीकडे जास्त छाप, तिच्याभोवती मधल्या सुट्टीत घोळका. प्रमिलाकडे एकही छाप नव्हता. एका सोमवारी तिनं दप्तरातून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कापलेले बारा पत्ते काढून बाकावर मांडले. प्रत्येकावर एकेक प्राणी, हळद, नीळ आणि लाल शाईनं रंगवलेला. कुठल्याच पुस्तकात नसलेला. टिनटण्या टिनाच्या छपरावर राहायचा आणि गारा पडल्या की फुगायचा. गाळ्या सक्करदऱ्याच्या तळ्यातल्या चिखलात नऊ महिने झोपायचा, त्याला एकच डोळा, तोही डोक्याच्या मागे. लूबाई मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावरून फिरायची आणि लोकांना दारं लावायला लावायची. तिच्या आईचं माहेर खाप्याचं, तिथे कन्हानच्या पात्रात तिनं सुट्टीभर वाळू उकरली होती. त्यातून रेतघूस निघाली होती. पत्त्याच्या खाली प्राण्याचं नाव, राहण्याची जागा आणि त्याची ताकद: ऊन, पाणी किंवा आवाज. उन्हाचा प्राणी आवाजाच्या प्राण्याला हरवणार, आवाजाचा पाण्याच्या प्राण्याला आणि पाण्याचा उन्हाच्या. एवढाच खेळ. पण महिन्याभरात माचिसचे छाप केराच्या टोपलीत गेले आणि सगळा वर्ग प्रमिलाचे प्राणी जमवू लागला.

कुणीतरी तिला विचारलं, यांच्यात राजा कोण? पत्त्यांत राजा असतोच ना. प्रमिलानं मान वर केली नाही, रंगवता रंगवता म्हणाली, "माह्या पत्त्यांत राजा नाई."

"काहून नाही?"

"काहून पाहिजे?"

त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नव्हता. माझी आई तिला ओसरीच्या पुढे बोलवत नसे. मला ते दिसायचं आणि मी काही बोलायची नाही, हे इथे लिहायलाच हवं. प्रमिलाही कधी आपणहून आत आली नाही. पायरीवर बसायची, पाठ ताठ, जणू ओसरीच तिला भेटायला आली आहे.

पत्ते बारावरून चाळीसवर गेले आणि त्यांची गोष्ट बाईंच्या कानावर गेली. आमच्या वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या, पण त्यांना वर्गात कुजबुज चालत नसे. त्यांनी प्रमिलाला उभं केलं, दप्तर उलटं केलं आणि चाळीसच्या चाळीस पत्ते तिच्यासमोर फाडले. "ही भुताटकी शाळेत नको." प्रमिला रडली नाही. तुकडे गोळा करून रुमालात बांधले आणि जागेवर बसली. पुढचे आठ दिवस ती मधल्या सुट्टीत कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी चाळीसच्या चाळीस प्राणी नव्यानं हजर, आणि सोबत एकेचाळिसावा. अंबाडा, नाकावर चष्मा आणि दहा बोटांच्या दहा कात्र्या. नाव फाडमाशी. राहण्याची जागा: वर्ग पाचवी ब. खाणं: पुठ्ठा. आम्ही बाकाखाली तोंड लपवून हसलो. तो पत्ता बाईंच्याही हाती लागला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि नंतर फाडला नाही, तर टेबलाच्या खणात ठेवला. पुढे कधी दप्तर तपासलं गेलं नाही.

मॅट्रिकनंतर ती चित्रकलेचा कोर्स करून महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. लग्न केलं नाही. का, ते विचारणाऱ्याला ती म्हणायची, "वेळ नाई भेटला," आणि विषय संपायचा. प्राणी तोवर दीडशेच्या वर गेले होते. शाळेतली मुलं नवीन प्राणी सुचवायची आणि प्रमिला पत्त्याच्या मागे सुचवणाऱ्याचं नाव लिहायची. माझं लग्न झालं, मी सक्करदऱ्यातच राहिले. आमचे हे शहरातल्या एका गोळ्या-पेपरमिंटच्या कारखान्यात हिशेबनीस होते. इथून पुढचं लिहायला नको वाटतं... पण लिहिते.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, मोजक्या घरांत रंगीत टीव्ही आले होते. कारखान्याचे मालक गोळ्यांच्या पाकिटात मुलांसाठी काहीतरी घालायचं म्हणत होते. हे घरी येऊन सहज बोलले. मी म्हणाले, प्रमिलाचे प्राणी दाखवा की, तिला चांगलं काम मिळेल. तिच्याकडून मी छत्तीस पत्ते मागून आणले, "यांना बघायचेत" एवढंच सांगून. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मालकांनी पाहिले आणि "ठेवून जा" म्हणाले. ह्यांनी ठेवले. दोन-चार वेळा विचारलं, तर "बघू" एवढंच उत्तर. मग हेही गप्प बसले आणि मीही. प्रमिलानं विचारलं की मी म्हणायची, देतील, देतील.

पावसाळा संपता संपता पाकिटं बाजारात आली. टिनटण्या, गाळ्या, लूबाई, रेतघूस, सगळे गुळगुळीत छापलेले. मागे कारखान्याचं नाव. प्रमिलाचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत. शिवाय एक जास्तीचा पत्ता, सोनेरी शाईतला, मुकुट घातलेला वाघासारखा प्राणी: महाराजा. ऊन, पाणी, आवाज, तिन्ही ताकदी त्याच्याकडे, सगळ्यांना हरवणार. शंभर पाकिटांत कुठे तो एखादा निघायचा. मुलं वेडी झाली. दुकानांपुढे गर्दी, महाराजा कुणाकडे आहे याची चौकशी, आणि ज्याच्याकडे तो, त्याच्यामागे पोरांची शेपूट.

प्रमिला आमच्या घरी आली ती तिच्याच शाळेतल्या एका मुलीकडून मिळालेली पाकिटं घेऊन. लग्नानंतरच्या माझ्या घरीही ती ओसरीवरच बसायची; त्या दिवशी पहिल्यांदाच न थांबता ओसरी ओलांडून सरळ स्वयंपाकघरात आली. पत्ते ओट्यावर ठेवले.

"तू देल्ले का पत्ते?"

"हो," मी म्हणाले. "प्रमिला, मला वाटलं..."

"तुले काय वाटलं ते मी नंतर ऐकतो." ती अशीच बोलायची, रागात असली की पुरुषी. "हे कोन हाय?" तिनं सोनेरी पत्त्यावर बोट ठेवलं. "माह्या प्राण्याईवर हा कोनं बसवला?"

मला वाटलं होतं ती चोरीबद्दल बोलेल. त्याबद्दलही बोलली, पण नंतर. त्या क्षणी तिला असह्य झाला होता तो मुकुट. पंधरा वर्षं तिनं एकेक प्राणी असा घडवला होता की कुणी कायमचा वर नाही आणि कुणी कायमचा खाली नाही, आणि कुणीतरी सोनेरी शाईच्या एका फटक्यात ते सगळं मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. मीही गेले, ती नको म्हणत असताना. मालक खुर्चीतून उठले नाहीत. "बाई, कागदपर कहाँ लिखा है तुमचं नाव? दाखवा ना." प्रमिलानं सोबत आणलेले जुने पत्ते उलटे करून दाखवले. मागे मुलांची नावं होती, तिचं स्वतःचं कुठेच नव्हतं. मालक हसले. प्रमिला म्हणाली, "नाव छापा. आन् तो राजा काढा. दोन गोष्टी मागून राहिली, तिसरी नाई." मालक म्हणाले, राजामुळेच तर माल खपतो.

वकील करायची तिची ऐपत नव्हती आणि मन तर अजिबात नव्हतं. घरी परतताना ती सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "रविवारी ये. ब्रश घेऊन ये."

"कशाला?"

"पत्ते तू नेले होते ना? मंग रंगवाले बी तूच लाग."

त्या रविवारी एक नवा प्राणी तयार झाला, ठेंगू. वीतभर उंचीची, गोल पोटाची बाई, डोक्यावर पदर नाही, मांडी घालून बसलेली, उजव्या हाताचा अंगठा किंचित वर. ऊन नाही, पाणी नाही, आवाज नाही. पत्त्याखाली लिहिलं होतं: ठेंगू कुणासाठी उठत नाही. ती समोर आली की मुकुट पडतो. एवढीच तिची ताकद. बाकी कुणालाही ती हरवू शकत नव्हती. टिनटण्यासुद्धा तिला हरवायचा. तिच्यापुढे हरायचा तो फक्त महाराजा. प्रमिलानं शाळेत सांगितलं, पाकिटातले छत्तीस जमले की माझ्या घरी या, सदतिसावा मी हातानं काढून देईन, पैसे नाहीत. पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. तिसऱ्या रविवारी तिच्या वस्तीतली गल्ली भरली. महालातून आली, इतवारीतून आली, एक मुलगी तर बापाच्या सायकलवर बसून खाप्याहून आली. मी रेषा मारून द्यायची, प्रमिला डोळे काढायची. डोळे ती दुसऱ्या कुणाला काढू देत नसे. प्रत्येक पत्त्याच्या मागे, या वेळी मात्र, स्वतःचं पूर्ण नाव.

सोनेरी महाराजाची किंमत दोन महिन्यांत उतरली. ज्याच्याकडे ठेंगू नाही त्याला कुणी खेळायला घेईना. मालकांनी ह्यांना बोलावलं. तुमची बायको तिथे बसते, तिला समजवा, नाहीतर गोदामात जाल. हे घरी आले, एवढं सांगून जेवायला बसले. मी घाबरून गेले होते. दोन लहान मुलं, भाड्याचं घर. शनिवारी संध्याकाळी ते कारखान्यातून आले तेव्हा सायकलच्या कॅरिअरला पुठ्ठ्याच्या कातरणीचा गठ्ठा बांधलेला होता. "टाकूनच देत होते," म्हणाले. "याच्यावर रंग चांगला बसतो." दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा प्रमिलाच्या दारात त्यांनी स्वतः नेऊन ठेवला. ती बाहेर आली, गठ्ठ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "तुमी मले सांगाले पाहिजे होतं, भाऊजी." "हो," हे म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं." तिनं गठ्ठा उचलून आत नेला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. पण चहा झाला.

हे गोदामात गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कारखान्यानं वर्षाच्या आत पत्ते बंद केले, पाकिटात प्लॅस्टिकच्या शिट्ट्या घालू लागले. प्रमिलाचं नाव छापलं नाही ते नाहीच. मी एकदा विचारलं, मग आपण जिंकलो की हरलो? ती म्हणाली, "त्यानं नाव नाई छापलं, म्हंजे माहं भांडण चालू हाय." मालक गेले तेव्हा लोक म्हणाले, आता सोड. ती म्हणाली, मानूस गेला, गोष्ट नाई गेली. तिच्या वर्गात दरवर्षी पहिल्या तासाला ती ही हकीकत सांगायची, मालकाच्या हसण्यासकट, आणि मुलांना आपल्या चित्राच्या मागे नाव लिहायला लावायची. निवृत्तीपर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. विसरून गेलेली बाई असं करते?

मागच्या आठवड्यात मी मनीषनगरला गेले होते. वैशालीनं आत्याची खोली अजून आवरलेली नाही. खिडकीजवळच्या टेबलावर सात पेन्सिली ओळीनं ठेवलेल्या, साध्या ब्लेडनं टोकं काढलेल्या, लांब आणि धारदार. वैशाली म्हणाली, आत्या रोज सकाळी चहाच्या आधी हे करायची, त्या दिवशीही केलं होतं. कुणीतरी म्हणालं, अशाच जपून ठेवा, आठवण म्हणून, काचेच्या पेटीत. मी त्यातली एक उचलून पर्समध्ये टाकली. वैशालीनं उलट दुसरीही पुढे केली. हा लेख मी पहिल्या पेन्सिलीनं लिहिला आहे, रेघोट्या आणि खाडाखोड धरून. आता तिचं टोक पार बोथट झालं आहे. लिहायचं अजून पुष्कळ आहे... ह्यांना हाक मारून ब्लेड मागवलं आहे.