पक्कड खांबावरून निसटली तेव्हा

मंडळी, गेल्या आठवड्यात मी इथं हातानं शिवलेल्या माझ्या पहिल्या चामडी पाउचचा फोटो टाकला होता. वायरमन लोक पक्कड ठेवायला कमरेला अडकवतात, तो. तुम्ही लई कौतुक केलंत.

तो पाउच मी शेजारच्या गणपतकाकांना दिला होता. काका कळंबला वायरमन आहेत. म्हटलं, वापरून बघा आणि खरं काय ते सांगा.

आज दुपारी काका आले. पाउचात पक्कड घातली आणि माझ्यासमोर उलटा धरला. पक्कड थेट फरशीवर.

"सकाळी खांबावर वाकलो तवा अशीच निसटली," काका म्हणाले. "खाली शिडी धरून मानूस हुता. त्याच्या कानाजवळून गेली."

"लागलं का त्यांना?"

"न्हाय. पर तेल किती चोळलंस तू? चामडं पार ढिलं पडलंय."

दोनदा चोळलं होतं. एकदा चामड्यासाठी, दुसऱ्यांदा फोटोत चमक यावी म्हणून. हे काकांना सांगितलं नाही. चहा ठेवला. दूध उतू जाताना बघत उभी राहिले, गॅस बंद करायचं सुचलंच नाही.

काका रागावले नाहीत. "दुसरा शिव," म्हणाले. "पर देण्याआधी उलटा करून बघत जा."

रडू येईल असं वाटलं होतं. अजून काहीच वाटत नाहीये.

तो फोटो इथंच आहे. हे लिहिताना त्यावर अजून एक लाल बदाम आला. त्याखाली आता काय लिहू?