एकाच विषयाचा आमदार

भंडाऱ्यात एका आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात मी काम करते. त्यांना सगळा मतदारसंघ भाऊ म्हणतो, मीही भाऊच म्हणते. मी लागले तेव्हापासून पाहते आहे, कार्यालय उघडायच्या आधीच पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात. कुणाला बदली हवी असते, कुणाच्या गावची विजेची डीपी जळालेली असते, कुणाच्या फाट्यावर एसटी थांबत नाही, कुणाच्या मुलीच्या लग्नाला भाऊ आलेच पाहिजेत. भाऊ प्रत्येकाचं ऐकायचे आणि प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, "होऊन जाईल." त्यातलं बरंचसं खरोखर व्हायचंही. अधिवेशनात ते विजेवर बोलायचे, शाळांवर बोलायचे, धानावर, वाळूवर, रानडुकरांवर बोलायचे. प्रत्येकावर दोन-दोन मिनिटं. त्याचे व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरायचे आणि लोक खूश असायचे.

माझं दुखणं मात्र दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी ढिवराची, मासेमाराची मुलगी. आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. कोंढा गावाच्या बाजूला पुनर्वसनात प्लॉट मिळाले. सरळ रस्ते, नळ, समाजमंदिर, सगळं होतं. फक्त पाणी लांब गेलं. माझा मोठा भाऊ, दादा, सायकलला जाळं बांधून रोज जलाशयावर जायचा. त्याचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, दुसऱ्याच एका गावाच्या काठाला बांधलेला असायचा. मग मासेमारीचा नवा नियम आला. पहिला हक्क काठावरच्या गावांच्या संस्थेचा आणि अशी संस्था नसेल तिथं ठेका. आमच्या वस्तीच्या संस्थेनं मागणी केली, ती परत आली. कारण एवढंच, की वस्ती काठावर नाही. खरंच नव्हती. आमचा काठ पाण्याच्या तळाशी होता.

काठावरच्या गावांत मासेमारांची संस्था नव्हतीच, म्हणून बाहेरून एक ठेकेदार आला. एका सकाळी त्याच्या माणसांनी दादाची आणि वस्तीतल्या बाकीच्यांची जाळी काढून नेली. दादा चौघा-पाचजणांना घेऊन सरळ माझ्या कार्यालयात आला आणि पायऱ्यांवर बसला. मी काम करते तिथं त्याला गरजवंतासारखं बसलेलं पाहून मला कसंतरीच झालं. मी त्याला आत खुर्ची दिली, तर तो म्हणाला, "नाई बाई, मी लाइनीतच बसतो. उद्या कोणी म्हणू नये का बहीण हाये म्हणून पहिले गेला."

भाऊंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "होऊन जाईल."

त्यांनी शब्द पाळला, प्रश्न विचारला. नागपूरच्या अधिवेशनात मी दादासाठी प्रेक्षक गॅलरीचा पास काढला आणि आम्ही दोघं वर बसलो. भाऊ उभे राहिले, तळमळीनं बोलले, पण बोलताना गावतलाव आणि जलाशय यांची गल्लत केली. मंत्री शांतपणे उठले. म्हणाले, सन्माननीय सदस्य ज्या तलावांबद्दल विचारत आहेत ते माझ्या खात्याकडे नाहीतच. समोरच्या बाकांवर हशा पिकला. भाऊ उभेच होते. पुढं काय विचारायचं ते त्यांना सुचत नव्हतं. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

परतताना गाडीत ते पुढं बसले होते. मग मागं वळून मला म्हणाले, "ताई, तलाव जिल्हा परिषदेचा, धरण पाटबंधाऱ्याचं अन् त्यातला मासा तिसऱ्याच खात्याचा. हे मले कोणी सांगतलं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही कधी इचारलं नाही, भाऊ."

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, "मग आता एकच धरतो. हाच."

आणि त्यांनी खरंच धरला. भंडाऱ्यात मत्स्य खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी राहत. भाऊ त्यांच्या घरी जाऊन विद्यार्थ्यासारखे बसायचे. दादाच्या डोंग्यात बसून जलाशयात गेले, मधोमध पोचल्यावर दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसले, पण गेले. विदर्भातल्या दुसऱ्या धरणांवरचे मासेमारही त्यांना भेटायला यायला लागले. सभागृहात इतर विषयांवर बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलं. ते मासेमारीवर उभे राहिले की अधिकारी गॅलरीत बसलेली माणसं सावरून बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुंबईत एका समितीवर त्यांना घेतलं. पहिल्यांदाच आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला कुणीतरी बोलावून विचारत होतं, की तुमचं म्हणणं काय.

त्यांचं म्हणणं आता एका प्रश्नावर आलं होतं. काठावरचे कोण? ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं ते की नाही? मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात "हो" एवढं आलं, की पुढचं सगळं सुटणार होतं. दादालाही हा प्रश्न पाठ झाला होता.

इकडं कार्यालयातली माणसं ताटकळायला लागली. भाऊ लग्नांना जाईनासे झाले, तेरवीला जाईनासे झाले. कुणी आलं की मी सांगायची, भाऊ मुंबईला आहेत, समितीच्या बैठकीला. "कायची समिती?" "मासेमारीची." मग समोरचा माणूस माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, जसं काही मीच भाऊंना पळवून नेलं होतं. काही जण तोंडावर बोलायचेही, की तुमच्या लोकांचं बरं आहे. पक्षाचे तालुकाध्यक्ष एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आमदार सगळ्याचा असते. आमचे भाऊ मत्स्य अधिकारी होऊन राहिले."

मला त्यांचा राग आला, पण त्या वर्षी धान निघाल्यावर जे झालं त्यानंतर तो राग करायचाही हक्क मला उरला नाही.

धान खरेदीची केंद्रं उघडली नव्हती. गोदामं रिकामी नाहीत, असं सांगत होते. लोकांनी पोती केंद्रांसमोर उघड्यावर थप्प्या लावून ठेवली होती. आणि अवकाळी पाऊस लागला. थांबेचना. भाऊ तेव्हा मुंबईत समितीत होते. माझा फोन खणखणत होता आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होते, येतील, निघाले आहेत. पाऊस उघडला तेव्हा कोंढ्याकडची एक म्हातारी बाई आपल्या जावयाला घेऊन कार्यालयात आली. जावयानं खांद्यावरचं पोतं उतरवलं. तिनं त्याचं तोंड सोडलं आणि माझ्या टेबलासमोर फरशीवर उलटं केलं. धानाला कोंब फुटले होते. ओल्या, आंबलेल्या वासानं खोली भरून गेली.

"तुया भाऊले मासे दिसते," ती म्हणाली, "आमचा धान नाही दिसत काय वं?"

तिच्या जागी मी असते तर मीही पोतं उलटंच केलं असतं. ती गेल्यावर मी ते धान सुपात भरत बसले आणि मला रडू आवरेना. दादाचं जाळं खरं होतं आणि हे कोंबही खरे होते. माणूस मात्र एकच होता.

काही दिवसांनी नागपूरचं अधिवेशन सुरू झालं आणि भाऊंची लक्षवेधी कामकाजात लागली. लक्षवेधी म्हणजे मंत्र्यांना त्या विषयावर उभं राहून उत्तर द्यावंच लागतं आणि त्या उत्तरावर सदस्याला प्रश्न विचारता येतो. आम्ही वर्षभर याचीच वाट पाहत होतो. भाऊंच्या सोबत आणखी एका आमदाराची सही होती. ते दुसऱ्या जिल्ह्याचे. सही द्या म्हटलं आणि त्यांनी दिली, एवढाच त्यांचा संबंध.

दादा आदल्या दिवशीच नागपूरला आला होता. धुतलेला सदरा घालून आला होता. आम्ही गॅलरीत बसलो. सभागृह भरत होतं. भाऊंचा बाक रिकामा होता. भंडाऱ्याहून सकाळीच निघतो म्हणाले होते.

गॅलरीत फोन नेऊ देत नाहीत. मी खाली उतरले, जमा केलेला फोन मागून घेतला आणि लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. घाईत नाव दाबताना दुसऱ्याच कुणाला फोन लागला. शेवटी ड्रायव्हरनं उचलला. मागून घोषणा ऐकू येत होत्या.

"ताई, धानवाल्यायनं हायवे अडवला. गाडी निघू देत नव्हते. भाऊ उतरले अन् त्यायच्याच संगं बसले."

"त्यांना फोन दे."

"नाही देता येत जी. सभोवताल लोक हायेत. कलेक्टर येईपर्यंत उठत नाही म्हणते भाऊ."

"अरे, आत्ता लागते लक्षवेधी! आत्ता!"

"मी सांगतलं त्यायले. ते म्हणाले, त्या दुसऱ्या साहेबाले सांग."

मी धावत सुटले. त्या दुसऱ्या आमदारांना आत जाताना गाठायचं होतं, तो एक प्रश्न त्यांच्या कानावर घालायचा होता. दारावरच्या माणसानं मला अडवलं. मी हात जोडले, तर तो म्हणाला, बाई, ते केव्हाच आत गेले. मी पुन्हा गॅलरीत आले. दादानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा भाऊंच्या रिकाम्या बाकाकडं नजर वळवली.

अध्यक्षांनी भाऊंचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. मग दुसऱ्या सदस्यांचं पुकारलं. ते उठले, लक्षवेधी वाचली. मंत्र्यांनी उत्तर वाचलं, की काठावरील स्थानिक संस्थांनाच प्राधान्य देण्याचं शासनाचं धोरण आहे. हेच वाक्य येणार हे आम्हाला ठाऊक होतं. याच वाक्यावर भाऊ उठणार होते.

"प्रश्न विचारा," अध्यक्ष म्हणाले.

त्या आमदारांनी चष्मा नीट केला. "अध्यक्ष महोदय, यावर शासन तातडीनं कार्यवाही करणार का?"

"करेल," मंत्री म्हणाले.

ते आमदार बसायला लागले. माझ्या शेजारून आवाज आला तेव्हा क्षणभर मला कळलंच नाही, की तो दादाचा आहे. तो कठड्याला धरून उभा होता.

"काठावरचे कोण, थे इचारा ना जी! आमी कोण, थे इचारा!"

सगळं सभागृह वर बघायला लागलं. दोन सुरक्षारक्षक आले. दादानं झटापट केली नाही. तो त्यांना एवढंच म्हणत होता, "मी नाही बोलत, मी नाही बोलत, त्यायले इचारू द्या फक्त." त्याला घेऊन गेले. खाली सभागृहात पुढची लक्षवेधी सुरू झाली होती.

त्याला दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि समज देऊन सोडलं. आम्ही बसनं परत निघालो, तर हायवे अजून पुरता मोकळा झाला नव्हता आणि बस रांगेत अडकली. त्या रांगेच्या पुढच्या टोकाला भाऊ होते. दादा खिडकीला डोकं टेकून बसला होता. म्हणाला, "एक हो म्हणाचं होतं, बाई. निस्तं एक हो."

त्याच आठवड्यात खरेदी केंद्रं उघडली. मंत्र्यांनी उत्तर दिलं म्हणून आमचा विषय तिथंच मिटला आणि नियम होता तसाच कायम झाला. पुढच्या निवडणुकीत भाऊ पहिल्यापेक्षा मोठ्या फरकानं निवडून आले आणि कोंढ्याच्या बाजूला त्यांची मिरवणूक निघाली. दादानं डोंगा विकला. तो आता नागपूरला एका इमारतीवर चौकीदार आहे. पाणी दिसतं का रे तिथून, असं मी एकदा फोनवर विचारलं. तो म्हणाला, टाकी दिसते.

मी नोकरी सोडली नाही. सोडून करायचं काय होतं? एकदा गाडीत दोघंच होतो तेव्हा मी भाऊंना विचारलं, "त्या दिवशी काहून थांबले जी तुम्ही?"

ते समोर रस्त्याकडं बघत राहिले. "ते लोक रस्त्यावर पडले होते, ताई. त्यायच्या अंगावरून गाडी नेऊन मी माशाचा प्रश्न इचारू? तू असती तर काय केलं असतं?"

आजही याचं उत्तर मला देता येत नाही आणि या एका गोष्टीचा मला जितका त्रास होतो तितका भाऊंचाही होत नाही. त्यांना दोष देता आला असता तर निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं.

नव्या सभागृहात समित्या नेमायच्या होत्या तेव्हा मुंबईहून फोन आला, की सदस्यांना कोणत्या विषयाच्या समितीत रस आहे ते कळवा. मी फोनवर हात ठेवून भाऊंना विचारलं. कार्यालय माणसांनी भरलेलं होतं. ते कुणाच्यातरी बदलीचं ऐकत होते.

"जे रिकामं असेल ते सांग," ते म्हणाले आणि पुन्हा त्या माणसाकडं वळले. "हं, सांगा, कुठं पायजे बदली?"

मी फोन कानाला लावला आणि पलीकडच्या बाईला सांगितलं, "कोणतीही चालेल."