महादेवीचं वडप

दवाखान्यात शेवटच्या दिवशी महादेवीला काहीतरी सांगायचं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आतून ओठ हलत होते, मास्कवर वाफ धरायची आणि जायची. डॉक्टर म्हणाले होते, पेशंटला बोलू देऊ नका, दम लागतो. मी तिला म्हणालो, "गप पड बघू." ती गप पडली. मी चहा प्यायला खाली गेलो. कपात चहा तसाच असताना आमच्या मुलीचा, गंगाचा, फोन आला, आणि मी जिना चढून वर जाईस्तोवर नर्सबाईनं मास्क काढून बाजूला ठेवला होता. सगळ्या जन्माचा संसार, आणि माझ्या तोंडचं तिला शेवटचं बोलणं हे असं. लोक भेटायला येतात, म्हणतात, बाई शांत गेली. शांत कुठली... मीच केली तिला शांत. पहिल्यांदाच केली असती तर एवढं लागलं नसतं.

महादेवी होटगीची. तिचे वडील रेल्वेत गँगमन, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख पुरवंत म्हणून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लिंगायतांत लग्नाच्या वेळी वीरभद्राचा गुग्गुळ निघतो, म्हणजे मिरवणूक. घरची माणसं पेटता गुग्गुळ घेऊन चालतात, हलगी वाजत असते आणि सगळ्यांच्या पुढं पुरवंत. पायात घुंगरं, हातात तलवार, कुणी कुणी गालातून आरपार सळई टोचून घेतो. आणि ते कानडीतून देवाची वडपं म्हणतात. म्हणतात म्हणजे ओरडतात. ते गाणं नव्हे, नरड्याच्या शिरा फुगवून दिलेली आरोळी असते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला नाही तर ते वडप कसलं. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुलगा नव्हता. ही एकटीच. बायका वडप म्हणत नाहीत म्हणून त्यांनी हिला कधी समोर बसवून शिकवलं नाही. पण ते विहिरीवर घसा तापवायचे आणि ही तिथं धुणं धूत असायची. सगळी वडपं पाठ. आवाजही बापाचाच उचललेला, जाड, खरखरीत. भवानी पेठेत नवी सून म्हणून आली, तेव्हा हळदीची गाणी सुरू झाली की आमच्या भावकीतल्या बायका म्हणायच्या, "महादेवी, तू नुसत्या टाळ्या वाजव गं." ती टाळ्या वाजवायची. मी पण हसायचो.

मी तेव्हा एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. लग्नसराईत माझा स्पीकरचा सेट भाड्यानं द्यायचो, आणि रविवारी सकाळी कॉलेजातल्या फिल्म क्लबचं छोटं मशीन चालवायला जायचो. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. क्लबचे एक सर लंडनला शिकून आले होते, त्यांनी तिकडून एक माहितीपट आणला होता. तिथली पोरं हल्ली कसली गाणी म्हणतात त्याबद्दलचा. त्या दिवशी खेळ संपला की आम्ही दोघं होटगीला जाणार होतो, म्हणून महादेवी सोबत आली होती. मशीन हॉलच्या मागं टेबलावर, त्याच्या बाजूला स्टूल टाकून तिला बसवली. पिशवी मांडीवर, पायात चपला तशाच, म्हणजे कधी संपतंय आणि कधी निघतोय.

चित्र सुरू झालं आणि पहिलं गाणं लागलं तसा मी उठून उभाच राहिलो. आवाज फाटत होता. नुसता खर्रर्र. मला वाटलं, मशीनचा आवाज वाचायचा भाग घाण झाला. मी खेळ थांबवला, दिवे लावले, स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं पुसून काढलं, बल्ब बदलला, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. पुन्हा थांबवायला गेलो तर सर पळत आले. म्हणाले, "अहो शिवाप्पा, आवाज असाच आहे." मी म्हणालो, असा कसा असेल सर, फाटतोय की. तर म्हणाले, "त्यांनी मुद्दाम फाडलाय." महादेवीनं तोंडाला पदर लावला, पण स्टूल हलत होतं त्यावरून कळलं की ही हसतेय. नवऱ्यानं कॉलेजातल्या एवढ्या माणसांसमोर चांगलं मशीन बोळ्यानं पुसलं, हे तिनं पुढं नातेवाइकांत इतक्यांदा सांगितलं की माझं नावच बोळेवाले पडायचं बाकी होतं.

पण मग ती हसायची थांबली. पडद्यावर एक पोरगा आला, केस साळिंदरासारखे उभे, आणि गालातून पिन घातलेली. आपल्या बायका बांगडीत अडकवून ठेवतात ती पिन, साधी. ती गालातून आरपार. आणि तो मान ताणून ओरडतोय, खालची पोरं जागच्या जागी उड्या मारतायत. हॉलमधली चांगली चांगली माणसं कानात बोटं घालून उठायला लागली. महादेवी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "री, ह्यो पुरवंत हाय की." 'री' म्हणजे कानडीतलं अहो, ती मला जन्मभर तसंच हाक मारायची. मी म्हणालो, गप, ती लंडनची पोरं हायत. ती म्हणाली, "लंडनची असतील. पन अंगात तेच आलंय." आणि त्याच्यामागं एक पोरगी आली. तिला सूर नाही, ताल नाही, पाय फाकून उभी, तोंडाचा आ करून नुसती ओरडत होती. महादेवीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. ती पोरगी पडद्यावर होती तोवर हिची पापणी लवली नाही. मग विचारते कशी, "हिचा बाप कुटं बसला आसंल?" मी म्हणालो, तोंड लपवून बसला असेल.

त्या दिवशी होटगीला गेल्या गेल्या, हातपाय धुवायच्या आधी, तिनं मामांना सगळं सांगितलं. गालातली पिन सांगितली, पोरगी सांगितली. मामांचा तेव्हा छातीचा खोकला सुरू झाला होता, वडप अर्ध्यात सोडावं लागत होतं. त्यांना मोठी काळजी एकच होती, हे सगळं माझ्याबरोबर मातीत जाणार. महादेवी अंगणात उभी राहिली, पदर खोचला आणि वडप सुरू केलं. मी ओट्यावर बसलो होतो. खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा लाजच वाटली. मग अंगावर काटा आला. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी एका ओळीत कुठं दम घ्यायचा तेवढं दुरुस्त केलं, बाकी काही नाही. पण जेवताना मला म्हणाले, "जावईबापू, एकदा तरी गुग्गुळात म्हनू द्या तिला. माज्या डोळ्यादेखत." मी म्हणालो, त्यात काय मामा, आपल्या घरचा गुग्गुळ येतोयच की.

येतच होता. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. त्या दोन महिन्यांत महादेवी वेगळीच बाई झाली होती. पाणी भरताना, चूल फुंकताना ओठ हलत असायचे. मला म्हणायची, मामंजी काय म्हणतील, मी म्हणायचो, बघू. माझ्या वडिलांचा तर प्रश्नच नव्हता, ते कधीच गेले होते. पण घरात थोरल्या चुलत्यांचं चालायचं, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो आणि ती त्यांनाच मामंजी म्हणायची. अप्पांना मी विचारलंच नाही. उद्या विचारू, उद्या विचारू करत गुग्गुळाचा दिवस आला.

स्पीकर माझाच. हातगाड्यावर बॅटरी, अँप्लिफायर आणि दोन भोंगे, आणि मी गाड्याच्या बाजूनं चालत, हात आवाजाच्या बटनावर. मामा होटगीहून आले होते, अंगावर पुरवंताचा सगळा साज. भवानी पेठेतल्या चौकात त्यांनी माईक हातात घेऊन वडप सुरू केलं आणि मधेच दम तुटला. खोकला थांबेना. हलगीवाले एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून महादेवी पुढं आली, बापाच्या हातातला माईक घेतला आणि तुटली होती तिथून ओळ उचलली. भोंग्यातून तो आवाज निघाला तशी अख्खी पेठ वळली. दुकानातली माणसं बाहेर आली, तेलुगू शेजारणी माडीच्या कठड्याला आल्या. मामा खोकता खोकता ताठ झाले, तलवार वर धरली.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

आणि मी बटन खाली घेतलं.

झटका नाही दिला, हळूहळू घेतलं, म्हणजे मशीनच बिघडल्यासारखं वाटावं. हलगीच्या दणदणाटात नुसतं नरडं कितीसं ऐकू जाणार... पुढच्या चार माणसांना, बस्स. महादेवीनं एक ओळ म्हटली, दोन म्हटल्या, मग भोंग्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझा हात बटनावरच होता. तिनं माईक बापाच्या हातात दिला, पदर डोक्यावर घेतला आणि जाऊन बायकांत उभी राहिली. मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढचा पावसाळा त्यांनी काढला नाही.

तुम्हाला वाटेल, महादेवीनं भांडण काढलं असेल. नाही. तिनं त्याची चेष्टा केली. जावांना, पाहुण्यांना, दारावर आलेल्या भाजीवालीला रंगवून सांगायची, आमच्या ह्यांनी माझं बटन कसं खाली केलं. घरात कुणी तिच्यावर आवाज चढवला की म्हणायची, "त्यास्नी सांगा, बटन त्यांच्याजवळ असतंय." सगळे हसायचे आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. तिनं त्याची गंमत करून टाकली म्हणून मला कधी चुकलं म्हणावं लागलं नाही. मला ते सोयीचं पडलं. तिच्या बाजूनं ती गंमत होती की मला बोलायला दिलेली जागा होती, हे मी विचारलं नाही. एकदाही नाही. पुन्हा गुग्गुळ झाले, पुतण्यांचे, भाच्यांचे. ती बायकांत चालायची. तू म्हणतेस का, असं मी म्हणालो नाही. तिनं मागितलं नाही.

टॉकीज बंद पडलं, मी म्हातारा झालो. गंगा शिकली, नोकरीला लागली, घरात मोठा टीव्ही आणला, त्याच्यावर जगातलं काहीही बघता येतं. महादेवीनं तिला एक दिवस ते गालात पिनवालं लंडनचं सांगितलं आणि गंगानं तसले माहितीपट शोधून लावून दिले. तेव्हापासून हिला नादच लागला. तीच पोरं आता म्हातारी होऊन खुर्चीत बसून त्या दिवसांचं सांगतात, कुणाला टक्कल, कुणाचे दात गेलेले, आणि मधे मधे तेव्हाचं दाखवतात. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, तरी शेंगा फोडत बसायची. प्रत्येक म्हातारी बाई दिसली की विचारायची, "ही तीच व्हय?" तिला ती ओरडणारी पोरगी पाहिजे होती. मी म्हणालो, भेटली तर काय करणार हायस, तुला इंग्रजी कुठं येतं. तर म्हणाली, "तिला तरी गाता कुटं येत हुतं." मग शेंगांची टरफलं गोळा करत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "इचारलं असतं की. तुझा आवाज कुनी कमी न्हाई का केला म्हनून." मी उठून बाहेर गेलो. गेटाला कडी लावायची होती असं काहीतरी म्हणालो. ती बाई काही कुठल्या माहितीपटात सापडली नाही.

आता घरात मी आणि गंगा. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, त्यानंतर गंगानं मला तिच्या फोनमधलं एक दाखवलं. मागच्या हिवाळ्यात तिनं दाराआडून गुपचूप घेतलेलं. स्वयंपाकघरात महादेवी पाठमोरी बसून भाकरी थापतेय. थापांचा ठेका हलगीसारखा पडतोय आणि त्याच्यावर तिनं वडप धरलंय, आधी पुटपुटत, मग चढवत. हात परातीत आणि मान अशी ताठ. आणि ऐन चढलं असताना बाहेरच्या खोलीतून माझा आवाज येतो, "हळू की गं, शेजारी काय म्हणतील." ती थांबते. दोन थापा नुसत्याच पडतात. मग भाकरी उचलून तव्यावर टाकते. तिथं संपतं. इतकी वर्षं स्पीकर, टेप, माईक घरात लोळत होते, आणि तिच्या आवाजाचं जगात एवढंच आहे.

मी गंगाला म्हणालो, ह्यातला माझा आवाज काढून टाक. हल्ली सगळं करता येतं म्हणतात. तिनं दोन दिवस खटपट केली, मग माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, नाही निघत. तुमचं कमी केलं की आईचं पण कमी होतंय. दोघं एकातच आहात." मला हे काही नवीन नव्हतं, जन्म त्याच धंद्यात गेला. तरी विचारलं होतं.

रोज स्वयंपाकघरात जाऊन ते लावतो. फोन परातीला टेकवून उभा करतो आणि आवाज पूर्ण ठेवतो. शेजाऱ्यांना ऐकू जातं, जाऊ दे. तिचा आवाज चढत जातो, चढत जातो... आणि मग मी येतो. मी पण तेवढ्याच मोठ्यानं येतो.