पानभर रामराम

सयाजी बर्ग्याचं पुस्तक मी सुधारलं, असं मी कैक वर्षं ऐटीत सांगत असे. आता सांगत नाही. सयाजीला जाऊन सहा वर्षं झाली, माझेही गुडघे बोलू लागले आहेत, तेव्हा काय झालं ते एकदा लिहून टाकलेलं बरं.

सेहेचाळीस सालचा हिवाळा होता. मी साताऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. शुद्धलेखनाच्या बाबतीत माझा दरारा एवढा की गावातले दुकानदार पाटी रंगवण्याआधी मला विचारून जात. खिशात कायम तांबडी पेन्सिल. माझी बायको म्हणायची, वरणात मीठ जास्त पडलं तर हे ताटावरसुद्धा खूण करतील.

एका रविवारी दुपारी दारात एक उंच गडी उभा राहिला. अंगात पलटणीचा जुना खाकी कोट, डोक्याला फेटा, बगलेत फडक्यात बांधलेल्या चार वह्या. ओठ मात्र जांभळे. मला वाटलं, माणूस आजारी आहे. पुढे कळलं की ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून लिहायची त्याची सवय. तो कोरेगावजवळच्या एका खेड्यातला, मराठा पलटणीत हवालदार होता, इटलीतली लढाई संपवून नुकताच घरी आला होता. पुण्यात दोन प्रकाशकांकडे जाऊन आला होता. एकानं वह्या उघडल्याच नाहीत. दुसरा म्हणाला, स्वराज्य दारात आलंय, आता इंग्रजांच्या लढाईचं कोण वाचणार? त्यावर ह्यानं ठरवलं की पदरचे पैसे घालून आपणच छापायचं.

“मीच लिवलंय, मीच छापनार,” तो म्हणाला. “चुका तेवढ्या तुमी काढा, मास्तर.”

चुका काढायला सांगणं म्हणजे मला जेवायला बोलावणंच.

वह्यांत काय होतं, तर पत्रं. सयाजी सातवी शिकलेला. त्याच्या कंपनीत त्याच्या गावचे बरेच जण, पण लिहिता येणारे थोडेच, म्हणून बाकीच्यांची पत्रं हाच लिहायचा. जहाजं बुडत, टपाल समुद्रात जाई, म्हणून प्रत्येक पत्राची नक्कल तो वहीत ठेवायचा, पोचलं नाही तर पुन्हा धाडता यावं म्हणून. घरी आल्यावर त्यानं ती एकेचाळीस पत्रं तारखेनं लावली आणि दोन पत्रांच्या मध्ये त्या दिवशी काय घडलं ते लिहिलं. पत्रात ‘इकडील सर्व खुशाल’ आणि खाली त्याच दिवशी कोण मेला, कोणाचे पाय बर्फानं गेले. मी ते वाचलं आणि दोन दिवस वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. असं काही मी आजवर वाचलं नव्हतं.

पण प्रत्येक पत्राच्या शेवटी एक शेपूट होतं. कोंडीबाआप्पास रामराम, साळूआत्तीस नमस्कार, वरच्या आळीच्या मानसिंगास रामराम, बनुबाईच्या पोरांस आशीर्वाद. कधी अर्धं पान, कधी पानभर. खेड्यात पत्र एकट्याचं नसतं. ते आलं की अंगणात माणसं जमतात, कुणीतरी शिकलेला मोठ्यानं वाचतो, आणि जो तो आपल्या नावाची वाट बघत बसतो. एखादा राहिला तर त्याची समजूत घालायला पुढचं पत्र यावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पुण्याच्या वाचकाला कोंडीबाआप्पाच्या रामरामाशी काय कर्तव्य, असा माझा सवाल. मी एकेचाळीस याद्यांवर तांबडी रेघ मारली. सयाजीला समजावूनही सांगितलं. त्यानं फेटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, “बरं, मास्तर.”

मला वाटलं, पटलं. ती पलटणीतली सवय होती हे माझ्या डोक्यात आलं नाही. वरच्यानं सांगितलं की ‘बरं’ म्हणायचं.

तीन महिने दर रविवारी तो येत राहिला. येताना पिशवीतून वाघ्या घेवडा आणायचा, माझी बायको तो शिजवायची, आणि आम्ही दोघं ओसरीवर एकेका वाक्याशी झोंबत बसायचो. त्याचा ‘लय’ मी कापायचा आणि त्यानं तोंड बारीक केलं की पुन्हा घालायचा. त्या रविवारांइतकं सुख मला पुढं कुठल्या कामात लागलं नाही. पुढं मी नावाजलेल्या लोकांची पुस्तकं तपासली. पण कुणी घेवडा आणला नाही आणि ‘लय’साठी कुणी भांडलं नाही.

कागदावर तेव्हा नियंत्रण होतं. सांगलीच्या एका छापखान्याकडे परवान्याचा कागद शिल्लक होता, तोही पाचशे प्रतींच्या सहा फर्म्यांपुरता, म्हणजे शहाण्णव पानं आणि वर एकही नाही. कोरेगावला गाडी धरून मिरजेमार्गे मी सांगलीला गेलो आणि काम देऊन आलो. सगळं पुस्तक जुळून प्रुफं आली. एक प्रत मी ठेवली, एक सयाजीला दिली.

सयाजीची तपासायची रीत निराळी. त्यानं ती प्रुफं मारुतीच्या देवळापुढं रोज दिवे लागायच्या आधी तीन दिवस मोठ्यानं वाचली. ऐकणाऱ्याचा हात पान-तंबाखूच्या चंचीकडं गेला की ते वाक्य लांबलं, असं त्याचं गणित. मी इकडं कौतुकाची वाट बघत होतो. चौथ्या दिवशी, शाळा भरलेली असताना, तो वर्गाच्या दाराशी आला. चेहरा उतरलेला.

मी पोरांना लिहायला दिलं आणि बाहेर आलो. त्यानं सांगितलं ते असं. पहिल्या दिवसापासूनच पत्र संपलं की माणसं उठत नव्हती, वाट बघत होती. कोंडीबाआप्पा नव्वदीचा म्हातारा. त्यानं विचारलं, माझा रामराम कुठं गेला, पोरा, माझ्यावर राग हाय का? ते सयाजीनं हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी वाचनात ज्ञानूचं पत्र आलं. ज्ञानू त्याच्याच गावचा, त्याचा जोडीदार. हे पत्र लिहिल्यावर बाराव्या दिवशी खेचरांच्या वाटेवर तोफगोळ्यानं गेला. त्याची बायको रंगूबाई बायकांत भिंतीला टेकून बसली होती. पत्र संपलं, वाट बघून माणसं पांगली, ती बसूनच राहिली. मग तिनं विचारलं, “संपलं का, भावजी?” ह्यानं व्हय म्हणून सांगितलं. “बरं,” म्हणाली आणि उठून गेली.

एवढं सांगून सयाजीनं वही उघडली आणि जांभळ्या अक्षरावर बोट ठेवलं. यादीच्या तळाला, बनुबाईच्या पोरांखाली, तीन शब्द होते: चि. रंगूस खुशाली.

बायकोचं नाव पत्रात घालायची चालच नव्हती. सासरा, दीर, शेजारीपाजारी ऐकत असणार. ‘घरातील सर्व मंडळींस’ ह्यात ती आलीच, असं धरायचं. त्या दिवशी यादी संपली तरी ज्ञानू समोरून हलेना. हातातला खडा ह्या बोटातून त्या बोटात फिरवत बसला. सयाजीनं विचारलं, आणि कुणाचं नाव राहिलं? तर म्हणाला, “लिव की गड्या, तुला ठावं हाय.” पत्र गावात वाचलं गेलं तेव्हा सासरा खाकरला, बाया पदरात हसल्या, आणि रंगूबाई लाजेनं तीन दिवस पाणवठ्यावर गेली नाही. महिन्याभरानं तार आली. पत्र तिनं फडताळात जपून ठेवलं होतं. त्याला पुढं वाळवी लागली.

“तिच्या मालकानं साऱ्या गावादेखत तिचं नाव एकदाच घेतलंवतं, मास्तर,” सयाजी म्हणाला. “त्ये मी कापलं.”

‘मी’ म्हणाला तो, ‘तुम्ही’ नाही. त्यानं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रेघ मारल्याचं मला आठवतही नव्हतं, आणि ह्याचीच मला आजही शरम वाटते.

मी घाईघाईनं म्हटलं, एक ओळ कुठंही बसेल, आज छापखान्याला तार करतो. तो नाही म्हणून मान हलवत राहिला. एकटीचं नाव घातलं तर पुन्हा तिच्याकडंच बोट, आणि कोंडीबाआप्पानं काय घोडं मारलंय? घालायची तर सगळ्यांची. आम्ही तिथंच भिंतीवर वही टेकून हिशेब केला. जागा वाचवून जुळवल्या तरी याद्यांना अकरा पानं लागत होती. कागद एक पानही जास्त नव्हता. काहीतरी जायला हवं होतं, आणि काय जाणार ते तो घरून ठरवून आला होता.

“नदीचं परकरण काढा.”

नदीचं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा प्राण. जानेवारीतल्या पाण्यातून त्यानं तीन जखमी ओढून काढले होते, साहेबानं सगळ्यांपुढं त्याचा हात हातात घेतला होता. सबंध पुस्तकात तो स्वतः एवढ्याच अकरा पानांत होता. बाकी सगळीकडे दुसऱ्यांचं. मी चिडलो. म्हटलं, लोक ह्या पानांसाठी पुस्तक विकत घेतील, आणि तू ती टाकून देऊन रामरामाची यादी छापणार? वेड लागलंय का तुला?

तो शांतपणे म्हणाला, “नदीतनं वढली ती मानसं जित्ती हाईत. त्यास्नी ठावं हाय. हिचं कुनाला ठावं हाय?”

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि आम्ही दोघं सांगलीला गेलो. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं आम्हा दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि ते रास्तच होतं. मी छापखान्यातल्या स्टुलावर बसून एकेचाळीस याद्या स्वतः उतरवून दिल्या. नावांत एक अक्षरही बदललं नाही. साळूआत्तीचा ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सयाजीनं लिहिला तसाच ठेवला. नदीची अकरा पानं तिथंच मोडायला दिली. तो जुळलेला मजकूर मोडताना खिळे खणात पडत होते, ते मी बघितलं नाही. सयाजी शेजारी उभा राहून बघत होता.

पाडव्यानंतर पुस्तक आलं. पुण्याच्या एका साप्ताहिकानं चार ओळी लिहिल्या, की नावांच्या कंटाळवाण्या याद्या गाळल्या असत्या तर बरं झालं असतं. तो परीक्षक मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. गावात मात्र कुणी लढाई वाचलीच नाही. ज्यानं त्यानं आपल्या नावाचं पान उघडलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसऱ्यानं दाखवलं. कोंडीबाआप्पानं सत्तावीस ठिकाणी आपलं नाव मोजून घेतलं आणि सयाजीला मोठ्या मनानं माफ केलं.

रंगूबाईकडे आम्ही दोघं गेलो. ती जनावरांना वैरण टाकत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, तरी पुस्तक हातात घेईना. सयाजीनं ते पाटावर उघडून ठेवलं आणि नावाखाली बोट धरलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

“एवढुसंच असतंय व्हय?” तिनं विचारलं. पत्र तिनं जपलं होतं, पण त्यात आपलं नाव कुठं आहे हे तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. तिथं पत्राचा शेवट होता: आपला, ज्ञानू. तिनं विचारलं, ह्ये काय?

“ह्ये तुजं मालक,” सयाजी म्हणाला.

तिनं एक बोट आपल्या नावावर ठेवलं, दुसरं त्याच्या. दोन्हींच्या मध्ये छापखान्यानं एक ओळ कोरी सोडली होती. ती माझ्याकडं वळली. मी मास्तर, मला सगळं वाचता येतं असं तिला कुणीतरी सांगितलं असावं.

“मधी काय लिवलंय?”

मी म्हटलं, काही नाही, बाई, जागा मोकळी आहे. तिनं दोन्ही बोटं तशीच ठेवली आणि ती त्या जागेकडे बघत राहिली. आम्ही उठलो तरी तिनं मान वर केली नाही.