आधी माझं असू दे

पोवार मॅडम पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायच्या, जे आपण कुणीच वाचत नाही. नावाच्या पानामागचं. प्रकाशक कोण, छापलं कुठं, आवृत्ती कितवी आणि हक्क कुणाचे, हे सगळं तिथं बारीक अक्षरात असतं. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक डोळ्यांजवळ धरत, ते पान वरपासून खालपर्यंत वाचत आणि मगच पुढं जात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला नवीन लागले होते, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली कादंबरी काढून घेतली. आता लेखकाबद्दल काही तरी भारी ऐकायला मिळणार म्हणून मी सावरून बसले. मॅडम म्हणाल्या, "लिहिलंय पाटलांनी आणि हक्क पाटलीणबाईंचे. माणूस एक तर लई चांगला हाय, न्हाय तर कर वाचवतोय."

वत्सला पोवार आमच्या विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक. माहेर उचगावचं, शेतकऱ्याचं. सासर शिवाजी पेठेत. इंग्रजी इतकं स्वच्छ बोलायच्या की बाहेरगावचे परीक्षक दचकत, आणि तो परीक्षक वळला की शिपायाला हाक मारायच्या ती थेट पार्किंगपर्यंत ऐकू जायची. पीएच.डी.चा विषय होता जुन्या अमेरिकेतल्या लेखिका आणि त्यांचे आपल्या पुस्तकांवरचे हक्क. कोल्हापुरात बसून हा विषय का, असं त्यांना लोक आयुष्यभर विचारत आले. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "मग काय उसावरच करू काय पीएच.डी.?"

हक्कांबद्दल एवढ्या जागरूक असणाऱ्या या बाई दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी मात्र न विचारता उचलायच्या. मी एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "भाकरीला कॉपीराइट नसतोय, मंजिरी. कालवण आण इकडं."

त्यांचा तास ऐकायला इतर विषयांची मुलंही मागच्या बाकांवर येऊन बसत. जुन्या अमेरिकेतला कायदा शिकवताना मॅडम आधी फळ्यावर काहीच लिहीत नसत. विचारायच्या, "उचगावात आमच्या शेजारची काकू म्हैस सांभाळती. वैरण कोण आणतंय? काकू. शेण कोण काढतंय? काकू. धार कोण काढतंय? काकूच. आणि दूध संस्थेत सभासद म्हणून नाव कुणाचं?"

वर्ग ओरडायचा, "दाल्ल्याचं! नवऱ्याचं!"

"झालं. म्हशीच्या जागी कादंबरी बांधा. अमेरिका तयार."

मग त्या सावकाश सांगत. तिकडं तेव्हा लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जायची, आणि पुस्तक ही मिळकतच. प्रकाशकाशी करार करायचा तर सही नवऱ्याची. नवरा दारुडा असो, घर सोडून गेलेला असो, बायकोनं पोराबाळांचं करत लिहिलेल्या पुस्तकावर हक्क सांगायला तो हजर. पुढं एकेका राज्यानं कायदे बदलले, पण तोवर कित्येक जणी लिहून लिहून म्हाताऱ्या झाल्या. एका बाईची कादंबरी तर देशभर गाजलेली. तिचं जर्मन भाषांतर भलत्यानंच तिला न विचारता छापलं. बाई कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, शब्दच वेगळे आहेत, ही तुमच्या पुस्तकाची नक्कल कशी म्हणायची? इथं मॅडमचा आवाज चढायचा. "माझ्या म्हशीचं दूध नेलं आणि त्याचं दही लावलं, तर दही त्याचं व्हय?" हे सगळं त्या आपल्या नात्यातल्या बायकांबद्दल सांगावं तसं सांगत. त्यातल्या कुणाचा नवरा चांगला निघाला तर तेही आठवणीनं सांगत.

मॅडमचे यजमान दिनकर पोवार, म्हणजे आमचे काका, वीज मंडळातून निवृत्त झालेले; एकुलती एक मुलगी लग्न होऊन परगावी. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. वर्तमानपत्रात फक्त खेळाचं पान वाचत. मॅडमच्या लेखनातली एक ओळही त्यांनी कधी वाचली नव्हती, पण त्या लिहायला बसल्या की काका दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याला परतवून लावत. "लिवत्यात त्या. सांच्याला या." मी एकदा विचारलं, काका, काय लिहितात ठाऊक आहे का? ते म्हणाले, "त्यातलं मला काय कळत न्हाय. पण ती लिवती म्हंजे खरं असणार." गोलकीपरनं गोल राखावा तसं त्यांनी मॅडमचं ते टेबल राखलं.

निवृत्तीनंतर मॅडमनी ठरवलं की हे सगळं मराठीत, साध्या माणसासाठी लिहायचं. इंग्रजी प्रबंध परीक्षकांपलीकडं कुणी उघडला नव्हता आणि ते त्यांना फार लागलं होतं. "माझी वहिनी वाचंल असं एक पुस्तक झालं की सुटले," असं म्हणायच्या. त्यांचं मराठीतलं हे एकच पुस्तक. त्यात काही वर्षं गेली. मी प्रत्येक प्रकरण वाचत होते आणि प्रत्येक वेळी माझ्या सूचना फेटाळल्या जात होत्या.

प्रकाशक मिळाले शाहूपुरीतले मगदूम. छापखाना आणि त्याला जोडूनच प्रकाशन. सीमेकडच्या गावातून आलेले, बोलण्यात कानडी हेल, वयानं मोठ्या बाईला अक्का म्हणणारे. मॅडमनी मुद्रितं स्वतः तपासली, स्वल्पविरामांवरून मगदुमांना सळो की पळो करून सोडलं. पण मगदुमांकडं पुस्तकाची सुरुवातीची पानं सगळ्यात शेवटी करायची पद्धत होती. तोवर सभागृह ठरलं होतं, पाहुणे ठरले होते, आणि घाईत ती पानं मॅडमना दाखवायची राहून गेली.

इथं आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. मराठी लेखक पुस्तक लिहितो आणि पुष्कळदा हक्क बायकोच्या नावे करतो. घरातलं कपाट उघडून बघा. लेखक अमुक, हक्क सौ. अमुक. यात प्रेम असतं, व्यवहार असतो आणि बायकोला कधी कधी पत्ताही नसतो. मगदुमांनी जन्मभर बहुतेक पुरुषांचीच पुस्तकं छापलेली. वर एकाचं नाव आणि मागं जोडीदाराचं, असा त्यांच्या छापखान्याचा हात बसून गेला होता.

प्रकाशन रविवारी सकाळी, कॉलेजच्याच सभागृहात. उचगावहून मॅडमच्या वहिनी आल्या होत्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका पहिल्या रांगेत. पाहुण्यांनी रंगीत कागद सोडला, एक प्रत मॅडमच्या हातात दिली, टाळ्या पडल्या. फोटोसाठी पुस्तक छातीशी धरायचं सोडून मॅडमनी नेहमीसारखा चष्मा वर केला आणि नावाचं पान उलटलं. मी त्यांच्या मागंच उभी होते, मलाही ते दिसलं. सर्व हक्क : श्री. दिनकर पोवार.

बायकांची पुस्तकं नवऱ्यांच्या नावे कशी जात, हे सांगणारं पुस्तक नवऱ्याच्या नावे छापून आलं होतं.

मॅडमनी पाहुण्यांच्या समोरचा माइक आपल्याकडं ओढला. म्हणाल्या, "मंडळी, माफी करा. आज प्रकाशन व्हायचं न्हाय. पुस्तकात एक चूक ऱ्हायलीया. जेवण मात्र तयार हाय, जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाय." आणि त्या मंचावरून उतरल्या. लोक जेवले. कोल्हापुरात ताट वाढलेलं असताना कुणी कारणं विचारत बसत नाही.

मंचामागच्या खोलीत मगदूम घामाघूम होऊन उभे होते. "अक्का, एवढं काय झालं? मानाचं असतंय ते. सगळे घालतात."

"सगळे म्हंजे कोण?"

"सगळे लेखक. बायकोचं नाव घालतात की कौतुकानं."

"ते स्वतः घालत्यात. तुमी त्यास्नी न विचारता घालता काय?"

मगदुमांनी कपाळावरचा घाम पुसला. मग हात जोडून म्हणाले, "पण अक्का, नवराबायकोत तुझं माझं काय? घरातल्या घरातच ऱ्हातंय की!"

"हेच," मॅडम म्हणाल्या. "तिकडचा कायदा हेच म्हणत हुता. अख्खं पुस्तक त्याच्यावर लिवलंय मी. तुमी छापलंय आणि एक पान वाचलेलं न्हाय."

काका दारात येऊन उभे होते, ते तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. त्यांच्या हातात एक प्रत होती, तेच पान उघडलेलं. ते चिडलेले नव्हते. "पयल्यांदाच पुस्तकात नाव आलं माझं," ते म्हणाले. "खोडा. माझं काय म्हणणं न्हाय. चांगलं दिसत हुतं, एवढंच."

मला भरून आलं. इतकी वर्षं दारात खुर्ची टाकून बसलेला हा माणूस, राहू दे की त्याचं नाव, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मॅडमचेही डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "अवो, तुमाला द्यायचं झालं तर मी देईन की. तुमाला न्हाय तर कुणाला देऊ? पण आधी माझं असू दे. जे माझं झालंच न्हाय, ते मी कुठनं देऊ?"

काकांनी मान हलवली. पुस्तक मिटून मगदुमांच्या हातात दिलं.

सगळ्या प्रती बांधून झाल्या होत्या, त्यामुळं त्या ओळीवर नव्या नावाची पट्टी चिकटवायचं ठरलं. पट्ट्या मगदुमांनी छापून आणल्या. प्रतींचे गठ्ठे पेठेतल्या घरी आले आणि आम्ही बाहेरच्या सोप्यात गोल करून बसलो. काकांनी पिठाची खळ केली, बाजारातल्या डिंकानं पान सुरकुततं म्हणाले. मगदूम उघडलेलं पुस्तक पुढं करत आणि काका 'वत्सला पोवार' ही पट्टी ओळीवर ठेवून अंगठ्यानं दाबत. स्वतःचं नाव झाकायचं काम त्यांनीच केलं आणि एकही पट्टी वाकडी लावली नाही. मॅडम आत पोहे करत होत्या.

मग कॉलेजच्या ग्रंथालयात छोटासा कार्यक्रम झाला आणि पुस्तक बाहेर पडलं. बरं चाललं. उचगावच्या वहिनींनी ते खरोखर वाचलं आणि निरोप धाडला की म्हशीचं बरोबर हाय, बाकीच्या बायकांची नावं लई अवघड हायत. मॅडमना हे मत इतर सगळ्या परीक्षणांपेक्षा जास्त आवडलं. पुस्तकाची एक प्रत त्यांनी टेबलावर कायमची ठेवली होती. मी ती उचलली तर म्हणायच्या, "विचारून घ्यावं. मालकीण बसलीया हितं."

तेव्हापासून मॅडमना चिडवायला काकांना एक विषय मिळाला. चहा ठेवताना विचारायचे, "मग हक्क कवा देताय मला?" मॅडम म्हणायच्या, "बघू. घाई काय हाय?" पाहुण्यांसमोर, लग्नाच्या वाढदिवशी, पेठेतला सामना जिंकला की, हे चालूच. मला वाटायचं, एखाद्या दिवशी मॅडम खरंच लिहून देतील आणि काका ते घेऊन कॉलेजात मला दाखवायला येतील.

मग मॅडमचा आजार निघाला, आणि तो उशिरा कळला होता. दवाखान्यात मी भेटायला जायची तेव्हा त्या अभ्यासक्रमाच्या चौकश्या करत, माझ्या डब्यातलं कालवण मागत. एकदा काका औषधं आणायला खाली गेले होते, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "मॅडम, ते काकांचं द्यायचं राहिलंय."

"ठावं हाय मला." त्यांनी माझा डबा आपल्याकडं ओढला. "पण मंजिरी, माझं असण्याची मजा अजून पुरती घिऊन झाली न्हाय गं."

मला ते आवडलं नाही, हे खरंच सांगते. दोन ओळी लिहून द्यायला काय जात होतं, असं मनात आलं. घरी जाताना वाटेत पुन्हा विचार केला. शेती भावांची, घर सासऱ्यांच्या नावचं, पदव्यांवर सासरचं आडनाव. अमुक एक गोष्ट पुरती माझी असं म्हणायला त्यांच्याकडं ते पुस्तकच होतं. राग तरीही सगळा गेला नाही. पुढच्याच आठवड्यात मॅडम गेल्या.

पुढच्या वर्षी मगदुमांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि मलाही पेठेतल्या घरी बोलावून घेतलं. आता ते प्रत्येक लेखकाला सुरुवातीची पानं सगळ्यात आधी दाखवतात. त्यांनी ते एकच पान आणलं होतं, आणि हक्कांच्या ओळीपुढं जागा कोरी ठेवली होती. म्हणाले, "काका, या वेळी विचारून करतोय. वारसानं आता हक्क तुमचाच. कायद्यानं. मुलीचंबी तेच म्हणणं हाय, फोन झालाय. आता तुमचं नाव घालतो. अक्काबी काय म्हणणार न्हाईत."

मला मनापासून बरं वाटलं. उशिरा का होईना, काकांचं नाव पुस्तकात येणार होतं. काकांनी चष्मा लावून ते पान वाचलं. मग मगदुमांकडं परत दिलं.

"तिचंच घाला."

"अवो, पण आता ते तुमचंच हाय!"

"व्हय की. पण तिनं हातानं दिलं असतं, तर अख्ख्या पेठेत दाखवत फिरलो असतो," काका म्हणाले. "ती गेली म्हणून आलेलं काय मिरवायचं, मगदूम?"