अंद्रूकाकांचं कूळ

अकोटच्या आठवडी बाजारात एक गोरा साहेब तागाचं पोतं अंथरून, मांडी घालून बसायचा आणि वटाण्याच्या शेंगा विकायचा, असं मी सांगितलं की ऐकणारे एकमेकांकडे पाहतात. त्यांना वाटतं, शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई गोष्टी रचायला लागल्या. रचते कशाला! त्या पोत्याला लागून आमचं पोतं असायचं. माझे वडील, आबा, मेथी-पालक मांडून बसायचे आणि शेजारी हे साडेसहा फुटांचं धूड, डोक्याला गवती टोपी, नाक उन्हाने सोललेलं, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडत असायचं, "घ्या व माय, शेंगा घ्या! साखरेवाणी हाये! फोडून पाहा, खाऊन पाहा, मंग पैसे द्या!"

नाव अँड्र्यू. आम्हा सगळ्यांचे अंद्रूकाका. जन्म अकोटचा, आणि जिभेवर वऱ्हाडी अशी की डोळे मिटून ऐकलं तर समोर एखादा देशमुख बसलाय असं वाटावं.

एकदा दौऱ्यावर आलेल्या कुणा अधिकाऱ्याची मडम बाजार पाहायला आली. काका उठले, टोपी काढून तिला अदबीने लवले, आणि पुन्हा मांडी घालून इंग्रजीत शेंगांचा भाव सांगितला. बाई अशी गोरीमोरी झाली की शेंगा न घेताच निघाली. आबा म्हणाले, "अंद्रूभाऊ, तुमच्याच जातीची बाई. तिच्यासमोर तरी लाज नाई वाटली?"

"काहूनची लाज, नामदेवभाऊ? पिकवायले लाज नाई, तं इकायले कायची?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. अकोल्याच्या क्लबातले साहेब त्यांना टाळायचे, तेव्हाही ते हेच म्हणायचे. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं. साहेबांचं राज्य होतं आणि भाजी विकणारा साहेब म्हणजे त्या राज्याच्या नाकावरची माशी. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्यांचे आजोबा विल्यम स्कॉटलंडहून आले ते अमरावतीच्या एका बंगल्याचे बागवान म्हणून. बंगलेवाला मायदेशी परतला, आजोबा राहिले. सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे विहिरीला गोडं पाणी लागतं, तिथे त्यांनी जमीन घेतली. पूर्णेच्या बाजूला सरकलं की पाणी खारट, हे त्यांना आमच्या पणजोबांनी सांगितलं म्हणे. तेव्हापासून दोन मळे बांधाला बांध लावून उभे आहेत. फुलकोबी, गाजर, सलगम, वटाणा, मागे संत्र्याची बाग. आम्ही मोटेने पाणी काढायचो, तेही मोटेनेच. काका पाट असा धरायचे की थेंब वाया जायचा नाही. आबा कुणाची सहसा स्तुती करत नसत, पण म्हणायचे, "वाफा पाहावा तं अंद्रूभाऊचा."

त्यांच्या ओसरीत एका किल्ल्याचं चित्र होतं. जुन्या वर्तमानपत्रातून कापलेलं, पिवळं पडलेलं, पण काच आणि चौकट भारी. आजोबांनी ते पेटीत घालून जहाजातून आणलं होतं. त्यावरून घरात गोष्ट चालत आली होती: हा किल्ला आपला, आजोबा धाकटे, थोरल्या भावाशी बिनसलं आणि घर सोडून निघाले. आजोबांनी स्वतः कधी तोंड उघडलं नाही. गोष्ट आजीने सांगितली, काकांच्या वडिलांनी वाढवली, काकांनी आम्हाला सांगितली. मी आणि त्यांची मुलगी एल्सी, आम्ही एका वयाच्या. त्या ओसरीत बसून आम्ही किल्ल्याच्या खिडक्या मोजायचो आणि कुठली खोली कुणाची यावरून भांडायचो. माझा त्या किल्ल्यावर काडीचा हक्क नसूनही मी गच्चीकडची खोली सोडत नसे.

या गोष्टीला पहिला धक्का दिला आमच्या भाटाने. आम्हा माळ्यांच्या घरी दर तीन वर्षांनी भाट यायचा. त्याच्या जाडजूड वहीत आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असत. तो ती सुरात वाचायचा, नवी जन्मलेली पोरं लिहून घ्यायचा आणि धोतरजोडी घेऊन जायचा. एका खेपेला काका समोर येऊन बसले. "आमचंबी लिही. तीन पिढ्या झाल्या या मातीत, आमी का पाहुणे हावो?"

भाटाने बोरू उचलला. "सांगा. बापाचं नाव?"

"जॉन."

"आज्याचं?"

"विल्यम."

"पणज्याचं? मूळ गाव? धंदा?"

काकांनी गावाचं नाव सांगितलं. तेवढंच त्यांना येत होतं.

भाटाने वही मिटली. "एवढा मोठा किल्ला सांगता साहेब, अन् पणज्याचं नाव नाई माईत? आमच्या इथं मुळाबिगर नाव चढत नाई."

सगळे हसले, काकाही हसले. पण ते त्यांना लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी त्या गावच्या पाद्र्याला पत्र लिहिलं की चर्चच्या दप्तरात आमच्या घराण्याचं जे काही असेल ते कृपा करून कळवावं.

उत्तराला कित्येक महिने लागले. मधल्या काळात एल्सीचं लग्न ठरलं. मी तेव्हा अमरावतीहून शिकून मास्तरीण होऊन आले होते आणि एल्सी मला रोज टॉमचं कौतुक ऐकवायची. टॉम अकोल्याच्या एका बड्या रेल्वे अधिकाऱ्याचा, हार्लोसाहेबांचा, मुलगा. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. हार्लोसाहेबांना भाजीवाल्याची मुलगी कशी चालली, याचं आम्हाला नवल वाटे. मग कळलं, किल्ला चालला होता. घराणं मोठं, दिवस फिरले, असं ते चार लोकांत सांगत होते. मुलाकडच्यांनी कूळ विचारणं हे फक्त आपल्यातच असतं असं मी समजत होते. कसलं काय! चुली सगळ्या मातीच्याच.

साखरपुड्याच्या चहाला आठ दिवस उरले असताना पत्र आलं. त्या संध्याकाळी काका बांधावर आले. आबा पाटाच्या पाण्याची दारं धरत होते, मी शेंगा तोडत होते. काका मटकन बांधावर बसले.

"नामदेवभाऊ, तो किल्ला आमचा नाई."

"मंग कोनाचा?"

"ज्यानं आमाले हाकललं त्याचा."

पत्रात सगळं होतं. पणजा डंकन, त्याचा बाप हेक्टर. किल्ल्याच्या मालकाची जमीन खंडाने करायचे. सलगम आणि कोबी पिकवायचे, टोपलीत भरून गावात विकायचे. मालकाला तिथे मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून एका दिवसात साऱ्या वस्तीला बाहेर काढलं आणि घरांना आगी लावल्या. विल्यम तेव्हा लहान होता. परक्याच्या बागेत राबत राबत मोठा झाला आणि शेवटी जहाजात बसला.

"माह्या आज्यानं ते चित्र रागानं जपलं, भाऊ. आपलं घर कोनं जाळलं हे इसरू नये म्हणून. अन् आमी येड्यावाणी त्याले काच बसवली!"

आबा फावडं टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "हे पाहा, लोक शंभर खोटं बोलतात अन् एक लगन लावतात. तुमी तं खोटं बोलूनबी नाई राहिले, फक्त चूप बसा. पोरीचं लगन होऊन जाऊ द्या."

काकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते आम्हाला कळलं नाही. मला त्यांनी बजावलं, "एल्सीले सांगजो नको व." मी वचन दिलं. ते आठ दिवस एल्सी माझ्याशी झालरीच्या फ्रॉकबद्दल बोलायची आणि मी खाली मान घालून शेंगा सोलायचे. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एकदा तर त्यांनी भरल्या वाफ्यात पाणी सोडलं आणि तसेच पाहत राहिले. ते वाफ्याचं चुकले, तेव्हा आबा घाबरले.

चहाच्या दिवशी ओसरीत पांढरी चादर घातलेली मेजं, केक, संत्री. मी कपबशा मांडायला होते. हार्लोसाहेब चित्रासमोर उभे राहिले, हात पाठीशी, आणि बरोबरच्या पाहुण्यांना किल्ल्याची गोष्ट सांगू लागले. म्हणजे आमच्या काकांची गोष्ट काकांच्याच समोर!

काकांनी बशी खाली ठेवली. ते इंग्रजीत बोलले. सावकाश, एकेक शब्द. किल्ला आमचा नाही. माझा पणजा त्याच्या भिंतीखाली सलगम लावत होता. माळी होता, त्याचा बापही माळी. आजा माळी, बाप माळी, मी माळी. पाच पिढ्यांत कुणी दुसरं काही केलं नाही, आणि पाचांपैकी कुणाचा वाफा वाकडा नव्हता.

शिकलेली मुलगी मी, चार माणसांत जात सांगताना तोवर माझा आवाज बारीक व्हायचा. आणि हा माणूस राजेशाही किल्ला जणू भिंतीवरून उतरवून ठेवून म्हणत होता, मी माळी.

हार्लोसाहेब वाईट माणूस नव्हता, हे म्हटलं पाहिजे. त्याने तमाशा केला नाही. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, हे घरातच राहू द्या. आम्ही ऐकलं नाही असं समजतो. लग्न ठरल्याप्रमाणे होईल. किल्ल्याबद्दल लोक विचारतील तेव्हा तुम्ही फक्त मान हलवा, आणि हो, ते बाजारात बसणं आता बंद करा.

काका म्हणाले, "बाजार बंद होणार नाही." एवढंच. मग त्यांनी एल्सीकडे पाहिलं. तसा केविलवाणा चेहरा मी त्यांचा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

एल्सीने टॉमकडे पाहिलं. टॉमने आपल्या बापाकडे पाहिलं. बस्स, तेवढ्यावर निकाल लागला. तिने टॉमने दिलेली अंगठी बोटातून काढली, त्याच्या कपाशेजारी ठेवली आणि आत निघून गेली. पाहुणे गेल्यावर केक आम्ही गड्यांना वाटला.

पुढच्या बाजाराला काकांच्या पोत्यावर एल्सीही बसली. बापाच्या वरताण ओरडायची! लोक सुरुवातीला शेंगा घ्यायला कमी आणि तिला पाहायला जास्त यायचे. "पाहाले पैसे नाई लागत, पन शेंगा घ्याच लागतीन," असं ती तोंडावर सांगायची. पुढे दुसरीकडून दोनदा मागणी आली, तिने ती परतवली. मळा तिने हाती घेतला आणि असा फुलवला की आबांच्या तोंडून वाफ्याची स्तुती आता तिच्या नावाने निघू लागली.

भाट आला तेव्हा काकांनी त्याला पाच पिढ्या घडाघडा सांगितल्या. धंदा विचारला तेव्हा त्यांचा आवाज पारावर ऐकू गेला असेल. भाट म्हणाला, माळ्यांच्या वहीत साहेब कसा चढवू? आबा म्हणाले, "कसा म्हंजे? आमच्या घराच्या खाली एक ओळ सोड अन् लिही. बांध तं एकच हाये." त्याने लिहिलं आणि सुरात वाचलं, "अंद्रू बिन जॉन बिन विल्यम बिन डंकन बिन हेक्टर, बागाईतदार, मौजे अकोट." काका पोरासारखे टाळ्या पिटत होते.

पण मनात त्यांच्या एक सल होताच. एल्सीचं लग्न मोडल्याची गोष्ट त्या घरात कुणी काढत नसे. शेवटच्या दुखण्यात तो सल वर आला. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. इंग्रजी पार सुटली होती, वऱ्हाडीच तोंडात यायची. आबा आणि मी उशाशी होतो, एल्सी चमच्याने पेज भरवत होती.

त्यांनी तिचं मनगट धरलं. "एल्से, त्या दिवशी मी चूप राह्यलो असतो, तं आज तुह्या घरी लेकरं खेळली असती. आठ दिवस इचार केला, अन् तरी बोललो. तुले न इचारता बोललो. चुकलो का व मी?"

एल्सीने वाटी खाली ठेवली. गावातल्या पोरींचं ऐकून तीही बापाला बाबाच म्हणायची.

"बाबा, ते पत्र मी तुमच्या आधी वाचलं होतं. किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं, वाचलं, अन् पुन्हा चिकटवून तुमच्या मेजावर ठेवलं."

मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे.

"आठ दिवस मी पाहून राहिली होती," ती म्हणाली, "बाप सांगते का लपवते."

"अन् लपवलं असतं तं?"

"तं लगन केलं असतं. अन् पुन्हा या घरात पाय नसता ठेवला."

एकदम काकांच्या खंगलेल्या छातीतून, बाजारातला तो जुना आवाज निघाला. "आयकलं का, नामदेवभाऊ? मी येडा लगनाची काळजी करून राहिलो होतो, अन् इकडं पोरगीच हातची चालली होती माही!"

आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. एल्सी त्यांची पाठ चोळत होती आणि रडत होती. आबा उठून ओसरीत गेले. बराच वेळ ते आत आले नाहीत.