दस्तगीरचा घोडा

दस्तगीर फोटोवाल्याचा राग जोतिबाच्या डोंगरावर सगळ्यांच्या ओळखीचा होता. गळ्यात कॅमेरा आणि खांद्यावर बापाच्या वेळचा तीन पायांचा सागवानी स्टँड घेऊन तो पायऱ्या चढायचा. या स्टँडला तो घोडा म्हणे. झालं! जोतिबा म्हणजे घोड्यावर बसणारा देव. भाविकांनी त्या लाकडी घोड्यालाही गुलाल लावायचा प्रघात पाडला. आधी घोड्याला चिमूटभर गुलाल, मग फोटो. दस्तगीर दर वेळी ओरडायचा आणि दर वेळी कुणी ऐकायचं नाही.

चौऱ्याहत्तर साली त्याचा खांदा गेला. हाडवैद्यानं बजावलं, असलं ओझं आता उचलाल तर हात कायमचा जाईल. मेहुणा लालासाब टपूनच बसला होता. "या की माझ्या स्टुडिओत. पंख्याखाली बसायचं, पासपोर्टचे फोटो काढायचे."

दस्तगीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर वाऱ्याउन्हात हसती-रडती माणसं टिपली, ती काय म्हातारपणी भिंतीला टेकवलेली मुंडकी काढायला? डोंगर सोडायचा नव्हता, आणि त्यासाठी हलका पण दणकट घोडा पाहिजे होता.

शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात तो शिरला तो भांडणाच्या तयारीनंच. मांडलेल्या एकेका स्टँडच्या डोक्यावर तळहात ठेवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकायचा. एक कुरकुरला, दुसऱ्याचे पाय फाकले.

"अवो पावणं, त्येच्यावर कॅमेरा ठेवायचा असतोय, तुमी न्हाय!" दुकानदार कळवळला.

"डोंगरावरचा वारा माझ्यापरास जड हाय. हलकं हाय ते टिकत न्हाय, आन् टिकतं ते हलकं न्हाय. मग इकताय तरी काय?"

शेवटी नळीत नळी सरकणारा एक चकचकीत अॅल्युमिनियमचा स्टँड तेवढा तग धरून राहिला. तो काखोटीला मारून दस्तगीर घरी आला. लाकडी घोड्याला तो नेमानं तेल पाजायचा. त्याच सवयीनं यालाही सांध्यासांध्यात तेल पाजलं.

चैत्राच्या यात्रेत गडमुडशिंगीची धोंडुबाई, त्याचं जुनं गिऱ्हाईक, सगळं घर घेऊन फोटोला उभी राहिली. तिचा मुलगा सयाजी शेजारीच, यात्रेत देवापुढं नाचवायची घराण्याची उंच सासनकाठी सावरत होता. धोंडुबाईनं मूठभर गुलाल घोड्यावर उधळला.

"ह्यो घोडा न्हाय, मशीन हाय!" दस्तगीर किंचाळला, पण गुलाल तोवर नळ्यांत गेला होता. तेलात त्याचा लगदा झाला. एक पाय निम्म्यातच अडकला, दुसऱ्याचा चाप निसटला आणि कॅमेरा तोंडावर यायला लागला. दस्तगीरनं तो झेलला, नेमका दुखऱ्या खांद्यावर. डोळ्यापुढं काजवे चमकले.

"घोडा बसला की वं," धोंडुबाई म्हणाली, आणि माणसं खो खो हसली.

त्यानं दुकानदाराला, गुलालाला, हसणाऱ्यांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग तेलकट बोटांकडं बघून स्वतःला जास्त घातल्या. लालासाबचा पंखा त्याला डोक्यावर फिरताना दिसायला लागला.

"दस्तगीरभाई," सयाजी म्हणाला, "कळकाचं पाय लावा की. ही काठी बघा, कळकाचीच हाय. वाऱ्यात उभी ऱ्हातीया आन् माझ्या एकट्याच्या खांद्यावर येतीया."

दस्तगीरनं त्या लांबलचक बांबूकडं मान वर करून पाहिलं. इतकी वर्षं ही काठी त्याच्या फोटोत आडवी यायची, आणि तो खेकसायचा, "ती काठी बाजूला घ्या!" हजार फोटोंत आलेली वस्तू आणि फोटोवाल्यालाच दिसली नाही. ही चपराक त्याला खांद्यापेक्षा जास्त लागली.

सयाजीनं बांधावरचे भरीव कळक आणून दिले. ते वाळले, तसं दस्तगीरनं बापाच्या घोड्याचं सागवानी डोकं उतरवलं आणि कळकाच्या तीन पायांवर बसवलं. त्यावर छातीचा भार टाकून पाहिला. घोड्यानं हूं की चूं केलं नाही.

दसऱ्यानंतर तो खांद्यावर घोडा घेऊन डोंगर चढला, कुठं न टेकता. धोंडुबाई वर होतीच. तिनं सवयीनं गुलालाची चिमूट उचलली, आणि त्याचं तोंड बघून हात तसाच अधांतरी धरला.

"सांध्यात न्हाय!" दस्तगीर खेकसला. "कपाळाला लाव."